कालनिर्णयवर डेटाचा हिशोब: घरचं नेट महिनाभर पुरवायची रीत

गेल्या गणपतीत आमच्या घरी सतरा माणसं होती आणि राउटरवर एकतीस यंत्रं. गौरीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत लॅपटॉप घेऊन बसलेला चुलतभाऊ ऑफिसच्या मीटिंगमधून बाहेर फेकला गेला, माजघरातल्या टीव्हीवरची आरती मध्येच थांबून चक्र फिरायला लागलं, आणि आत्येने चुलीकडून हाक मारली, "नेट खय गेला रे? तुझा तर अनलिमिटेड आसा मा?"

अनलिमिटेडच आहे. म्हणजे बंद पडत नाही, एवढंच. महिन्याचे १००० जीबी संपले की वेग खाली येतो. ते संपले होते, आणि नवा महिना सुरू व्हायला अजून नऊ दिवस होते.

घरात लगेच संशयितांची यादी झाली. पोरांचे रील्स, आत्येचे गुड मॉर्निंगचे मेसेज, चुलतभावाच्या मीटिंगा. ज्याला त्याला दुसऱ्यावर संशय. खरा चोर सापडायला मला पुढे तीन आठवडे लागले. तो या माणसांपैकी कोणीच नव्हता. मागच्या वाडीत खांबावर, हापूसच्या कलमांकडे तोंड करून बसला होता. तो कसा सापडला आणि नंतर काय काय केलं, ते क्रमाने सांगतो. आमचं घर देवगड तालुक्यात आहे, पण रीत दापोलीला किंवा वेंगुर्ल्याला चालणार नाही असं काही यात नाही.

आधी आपली मर्यादा नेमकी किती, ते शोधा

प्लॅनच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात वेग असतो, मर्यादा बारीक अक्षरात तळाशी. तिथे 'फेअर युसेज पॉलिसी' किंवा नुसतं 'एफयूपी' असं लिहिलेलं असतं. मोठ्या कंपन्यांच्या फायबर प्लॅनांत हा आकडा बहुधा महिन्याला ३३०० जीबी दिसेल. जिथे फायबर पोचली नाही आणि छपरावर डबा लावून हवेतून नेट घेतलंय, त्या एअरफायबर प्रकारात १००० जीबीचे प्लॅन सर्रास आहेत. गावातल्या केबलवाल्याकडून जोडणी असेल तर त्यालाच विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको. सिमकार्डचा राउटर असेल तर मर्यादा रोजची असते, दीड-दोन जीबी, आणि मध्यरात्री पुन्हा भरते.

आकड्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारायच्या. महिना कोणत्या तारखेपासून धरतात? एक तारखेपासून असेलच असं नाही. माझा दर महिन्याच्या अकरा तारखेला पालटतो. दुसरं, अपलोड मोजतात का? जवळजवळ सगळेच मोजतात, आणि माझ्या घरातला अर्धा घोळ नेमका इथेच होता. तिसरं, मर्यादा संपल्यावर वेग किती राहतो? मोबाइलच्या बऱ्याच प्लॅनांत तो ६४ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. म्हणजे तासाभरात जेमतेम २९ एमबी. एवढ्यात साधे मेसेज जातात, फोटो मात्र उघडायचं नाव घेत नाही.

आता भागाकार. ३३०० ला तीसने भागलं की रोजचे ११० जीबी. एवढे संपवायला चांगलीच मेहनत लागते, आणि तुम्ही या गटात असाल तर पुढचं वाचून निम्म्यावर सोडलंत तरी चालेल. १००० जीबीवाल्यांच्या वाट्याला मात्र रोजचे ३३ येतात, आणि ते कधी जातात ते कळत नाही.

आणखी एक सूत्र लक्षात ठेवा, पुढे जागोजागी लागेल. वेग बिटमध्ये मोजतात आणि डेटा बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे एखादी गोष्ट सतत १ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट, वेगाने चालू राहिली तर तासाला ०.४५ जीबी जातात, दिवसाला १०.८ आणि तीस दिवसांत ३२४. एक एमबीपीएस म्हणजे काहीच नाही असं वाटतं. महिन्याचा आकडा बघा.

नेट खरंच संपलंय की लाइन बिघडलीय?

आपल्याकडे पावसात दोन्ही एकाच दिवशी होतं, म्हणून हे आधी तपासा. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर कुठेतरी फांदी पडून तार तुटलीय. डेटाचा तिथे संबंध नाही, केबलवाल्याला फोन करा. दिवे हिरवे आहेत पण वेग कमी आहे, असं असेल तर स्पीड टेस्ट एकदा सकाळी आणि एकदा रात्री उशिरा घ्या. दोन्ही वेळा अगदी तोच गोल आकडा आला, समजा २ एमबीपीएसला कापल्यासारखा, तर मर्यादा लागलेली आहे. आकडा वरखाली उड्या मारत असेल तर लाइन, वायफाय किंवा टॉवरची गर्दी.

स्पीड टेस्टलाही डेटा लागतो, हे लोक विसरतात. १०० एमबीपीएसच्या लाइनवर दहा सेकंदांच्या डाउनलोड चाचणीला १२५ एमबी जातात, अपलोडचे वेगळे. नेट हळू झालं म्हणून चार पोरं चार फोनवर पाच-पाचदा टेस्ट मारतात, तेव्हा अडीच जीबी नुसते तपासण्यात गेलेले असतात.

कंपनीचा आकडा रोज एकाच वेळी लिहा

वेग कमी करायचा की नाही हे कंपनीच्या मोजणीवर ठरतं, तुमच्या नाही. म्हणून सुरुवात तिच्या ॲपपासून किंवा वेबसाइटवरच्या ग्राहक खात्यापासून करायची. नोंदवलेल्या मोबाइल नंबरवर ओटीपी येतो, आत गेलं की 'डेटा युसेज' किंवा 'माय प्लॅन' नावाखाली वापरलेले आणि उरलेले जीबी दिसतात. अडचण एवढीच की कनेक्शन बऱ्याचदा मुंबईतल्या भावाच्या नाहीतर केबलवाल्याच्या नंबरवर घेतलेलं असतं. मग ओटीपी तिकडे जातो. आधी तो नंबर बदलून घ्या. त्याशिवाय पुढे सरकूच नका.

मग रोज एकाच वेळी तो आकडा लिहायचा. मी यासाठी ॲप, एक्सेल सगळं करून पाहिलं आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आलो. तिथे दुधाचा हिशोब असतोच. दुधाच्या 'दीड'खाली निळ्या पेनने वापरलेले जीबी. घरातल्या सगळ्यांना ते दिसतं, आणि फोन बदलला तरी जात नाही. वेळ रात्री अकराची, झोपायला जाताना.

विसर्जनानंतर चाकरमानी परत गेले, नवा महिना लागला, आणि त्या पानावर असं दिसलं: सोमवारी ९६, मंगळवारी १२०, बुधवारी १४५, गुरुवारी १६९. वजाबाकी केली तर रोजचे चोवीस-पंचवीस जीबी. घरात माणसं किती? मी, आई आणि बाबा. बाबा बातम्या बघतात, आई नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलते, मी काम करतो. आमच्या तिघांचे चोवीस होणं शक्य नव्हतं.

या टप्प्यावर सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे रात्रीचा आकडा. अकराला लिहिला, सकाळी सहाला पुन्हा बघितला. सात तास सगळे झोपलेले, आणि तरी पावणेपाच जीबी गेलेले. तासाला ०.६७५. सूत्र उलटं लावलं की ०.६७५ भागिले ०.४५ म्हणजे दीड. कोणीतरी रात्रभर दीड एमबीपीएसने डेटा खेचत होतं किंवा ढकलत होतं, एका सरळ रेषेत. माणूस असा वापरत नाही. माणूस थांबतो, चहा घेतो, झोपतो.

कंपनीचं ॲप थोडं मागे चालतं, तासाभराचा फरक पडू शकतो. म्हणून एका रात्रीवर निकाल देऊ नका, तीन-चार रात्री घ्या.

राउटरमध्ये डोकावा, पण त्याच्या मीटरवर फार विसंबू नका

आता कोण, हे शोधायला राउटरकडे जायचं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, अर्थात इंग्रजी आकड्यांत. नेमका पत्ता डब्याच्या खाली चिकटवलेल्या कागदावर असतो, सोबत युजरनेम आणि पासवर्डही. आत 'स्टेटस' किंवा 'स्टॅटिस्टिक्स' नावाच्या पानावर डब्ल्यूएएन या (बाहेरच्या इंटरनेटकडे जाणाऱ्या) जोडणीचे आत आलेले आणि बाहेर गेलेले बाइट दिसतात. 'कनेक्टेड डिव्हाइसेस' किंवा 'डीएचसीपी क्लायंट' या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी.

आधी यादी. मी एकेक ओळ वाचत कागदावर खूण करत गेलो. शेवटी चार नावं उरली जी कोणाचीच नव्हती. एक टीव्ही निघाला, एक वहिनीचा जुना फोन जो आता पोरगी गेम खेळायला वापरते, आणि दोन शेजारचे. आमचा पासवर्ड दोन वर्षांपूर्वी पडवीतल्या खांबावर खडूने लिहिला होता, त्यामुळे शेजाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पासवर्ड बदलला.

राउटरच्या मीटरची गोम अशी की तो बंद होऊन सुरू झाला की आकडा शून्य होतो. शहरात हे चालून जातं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाईट दिवसातून किती वेळा जाते ते कोणी मोजत नाही, आणि दर वेळी मीटर नव्याने सुरू. काही जुन्या राउटरांत तर मोजणीचा खणच ३२ बिटांचा असतो, त्यामुळे साधारण ४.३ जीबी झाले की आकडा भरून पुन्हा शून्यापासून चालतो, लाईट न जाताही. महिन्याची बेरीज म्हणून त्या आकड्याचा उपयोग नाही. तासाभराच्या चाचणीला मात्र तो उत्तम: आता लिहा, तासाने लिहा, वजा करा.

दुसरा उपाय म्हणजे राउटरला आणि फायबरच्या डब्याला छोटा डीसी यूपीएस लावणं. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात, पण घेण्याआधी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जुळवा. लाईट गेली तरी नेट राहतं आणि मीटरही.

कंपनीने दिलेल्या डब्यात कोणी किती वापरलं हे बहुधा दिसतच नाही, किंवा ते पान कुलूपबंद असतं. तसं असेल तर त्याच्यामागे आपला स्वतःचा राउटर लावा, सगळ्यांना त्याच्या वायफायवर आणा आणि कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा. हे शेवटचं विसरलं की अर्धं घर जुन्या वायफायवर राहतं आणि तुमच्या मोजणीत येतच नाही. स्वतःचा राउटर घेताना यंत्रवार हिशोब दाखवणारा, आणि यंत्रवार वेग बांधता येणारा घ्या.

ज्यांना खटपट आवडते त्यांच्यासाठी: ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालणारा राउटर असेल तर त्यावर 'एनएलबीडब्ल्यूमॉन' नावाचं पॅकेज टाका. प्रत्येक यंत्राने महिन्यात किती आत घेतलं आणि किती बाहेर सोडलं याचा तक्ता देतं. त्याची नोंदवही मात्र मुळात राउटरच्या तात्पुरत्या मेमरीत असते. लाईट गेली की ती कोरी झाली म्हणून समजा. सेटिंगमध्ये जागा बदलून पेनड्राइव्हवर ठेवा. मी हे न करता पहिले बारा दिवस घालवले. नंतर तक्ता बघायला गेलो तर त्यात काल संध्याकाळपासूनचं होतं.

एक फसवणूक इथे होते. हल्लीचे फोन वायफायला आपला खरा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, सांगत नाहीत, बनावट सांगतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून ही पद्धत आहे. खाजगीपणासाठी ती चांगली, पण ॲड्रेस बदलला की एकच फोन तक्त्यात दोन माणसांसारखा दिसू शकतो. फक्त घरच्या वायफायपुरतं फोनमध्ये 'प्रायव्हेट ॲड्रेस' बंद करून ठेवा.

राउटर काहीच दाखवत नसेल तर सगळ्यात जुनी रीत आहेच: रात्री एकेक यंत्र बंद ठेवून सकाळचा आकडा बघायचा. मी तेच केलं. पहिल्या रात्री टीव्ही भिंतीपासून बंद, आकडा तेवढाच. दुसऱ्या रात्री लॅपटॉप, तोच. तिसऱ्या रात्री वाडीतल्या कॅमेऱ्याचा ॲडॉप्टर काढला. सकाळी सात तासांत ८० एमबी.

कॅमेरा

वानरांसाठी लावला होता. आंब्याच्या दिवसांत एक टोळी सकाळी येऊन गेली तरी किती फळ पडतं ते आपल्याकडे सांगायला नको. फळ उतरून संपलं तरी कॅमेरा कोणी काढला नाही. तो चोवीस तास चित्रण करून दीड एमबीपीएसने कॅमेऱ्याच्या कंपनीच्या क्लाउडवर पाठवत राहिला: दिवसाला १६.२ जीबी, तीस दिवसांत ४८६. एक हजाराच्या प्लॅनमधले जवळजवळ निम्मे, ओल्या पानांच्या आणि काळोखाच्या चित्रांवर. सगळं अपलोड, त्यामुळे डाउनलोड कोण करतंय हे शोधणाऱ्या मला ते आधी दिसलंच नाही.

त्यावर तीन गोष्टी केल्या. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घातलं आणि सलग चित्रण तिथे वळवलं. दिवसाला सोळा जीबी धरले तर १२८ जीबीच्या कार्डात आठवडाभराचं मावतं, मग जुन्यावर नवं लिहिलं जातं. कार्ड घेताना पुडक्यावर 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं घ्या, साधी कार्डं सततच्या लिहिण्याने लवकर मरतात. क्लाउडवर फक्त हालचाल झाली तरच तुकडा जाईल असं ठेवलं. पण तेवढ्याने भागत नाही. वाऱ्याने फांदी हलली की कॅमेऱ्याच्या लेखी तीही हालचाल, आणि समुद्रावरून वारा सुटला की कलमं दिवसभर हलतात. म्हणून ॲपमध्ये 'ॲक्टिव्हिटी झोन' आखून फक्त गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची बाजू आणि वाट तेवढी धरली.

तिसरी गोष्ट डोंबिवलीतल्या भावाशी बोलण्याची होती. त्याला पावसात गावचं खळं बघायला आवडतं. तो घरच्या टॅबवर आमच्या अंगणातल्या दुसऱ्या कॅमेऱ्याचं थेट चित्र लावून ठेवायचा, ऑफिसला गेला तरी चालू. ते चित्र आमच्या लाइनवरून वर चढून त्याच्याकडे जात होतं. त्याला नको म्हणणं जिवावर आलं, म्हणून ॲपमध्ये थेट चित्र एचडीवरून एसडीवर आणलं. पाऊस एसडीतही दिसतो.

टीव्ही

माणसांकडून जाणाऱ्या डेटात टीव्ही पहिला, बाकी सगळे खूप मागे. नेटफ्लिक्सनेच दिलेले आकडे बघा: सगळ्यात कमी दर्जाला तासाला ०.३ जीबी, मध्यमला ०.७, एचडीला ३ पर्यंत आणि फोरकेला ७ पर्यंत. त्याच्या वेबसाइटवर खात्यात जाऊन प्रोफाइलच्या 'प्लेबॅक सेटिंग्ज'मध्ये 'मीडियम' निवडता येतं. बत्तीस इंची टीव्हीवर पडवीतल्या बाकावरून बघताना माझ्या डोळ्यांना फरक कळला नाही. मोठ्या पडद्यावर कळेल.

ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक असेल तर 'प्रेफरन्सेस'मध्ये 'डेटा मॉनिटरिंग' आहे. तिथे महिन्याची सूचनेची मर्यादा टाकता येते, व्हिडिओचा दर्जाही बांधता येतो. यूट्यूबवर दर्जा व्हिडिओगणिक बदलावा लागतो आणि ते कोणी रोज करत नाही. त्यापेक्षा राउटरमधून टीव्हीचा वेगच बांधला. ५ एमबीपीएस दिले की तो तासाला सव्वादोन जीबीच्या वर जाऊच शकत नाही, काहीही लावा. ॲप स्वतःच दर्जा खाली आणतं. यंत्रवार वेग बांधण्याची सोय 'क्यूओएस' किंवा 'बँडविड्थ कंट्रोल' या नावाखाली शोधा. एवढं एक केलं आणि बाकी काहीच केलं नाही, तरी महिना पुष्कळ पुढे सरकेल.

'ऑटोप्ले' बंद करा. बाबांना बातम्या लावून झोप लागते आणि टीव्ही पहाटेपर्यंत एकटाच देश चालवत बसतो.

सणात दिवसभर आरत्या, भजनं चालू ठेवायची असतील तर ऑडिओ ॲपवरून स्पीकरला लावा. १६० केबीपीएसच्या आवाजाला तासाला ७२ एमबी लागतात. तीच भजनं टीव्हीवर ५ एमबीपीएसच्या व्हिडिओत लावली की सव्वादोन जीबी, आणि बघत कोणीच नसतं.

फोन आणि लॅपटॉप

अँड्रॉइडमध्ये वायफायवर कुठल्या ॲपने किती वापरलं ते फोन सांगतो. सेटिंग्जमधल्या शोधाच्या चौकटीत 'डेटा युसेज' टाका, मोबाइल डेटाच्या खाली वायफायचा वेगळा तक्ता असतो. काही फोनांत त्याला 'नॉन-कॅरियर डेटा' असं नाव दिलंय. आयफोनमध्ये वायफायचा असा तक्ता नाही, पण प्रत्येक वायफायच्या नावापुढच्या खुणेत 'लो डेटा मोड' आहे, तो चालू करा. प्ले स्टोअरवर 'घरचं सगळं नेट मोजतो' म्हणणारी ॲप्स मिळतील. फोन फक्त स्वतःचं मोजू शकतो. सोडून द्या.

आत्येचं व्हॉट्सॲप मी मुद्दाम तपासलं, कारण आरोप झाला होता. 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये 'नेटवर्क युसेज' असतं. महिन्याचे दोन जीबीही नव्हते. पण त्याच फोनमध्ये चॅट बॅकअप रोजचा होता आणि त्यात 'व्हिडिओसकट' हा पर्याय चालू. तो आठवड्याचा केला आणि व्हिडिओ काढले.

गणपतीत फोटोंचा बॅकअप हाच मोठा घटक असतो. प्रत्येकाच्या फोनमध्ये आगमनाचे, आरतीचे, फुगडीचे व्हिडिओ, आणि गूगल फोटोज वायफाय दिसलं रे दिसलं की ते वर चढवायला लागतं. दहा फोन, दहादा तीच फुगडी. पाहुण्यांना 'बॅकअप मुंबईला गेल्यावर चालू करा' असं सांगणं जड जात नाही, कोणी रागावत नाही.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, डेटा युसेज या वाटेने ॲपवार आकडा मिळतो, आणि तिथेच मर्यादाही टाकता येते. घरचं वायफाय 'मीटर्ड कनेक्शन', म्हणजे मोजून वापरायची जोडणी, केलं की अपडेटांचा बराचसा बोजा थांबतो. सुरक्षेचे अपडेट मात्र कायमचे अडवू नका, महिन्याच्या शेवटी उरलेल्या डेटात हाताने घ्या. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' बघून इतर कॉम्प्युटरांना अपडेट पुरवणं बंद करा, नाहीतर तुमचा लॅपटॉप जगाला अपडेट वाटत बसेल. पोरगा गेम उतरवायला विचारेल तेव्हा आधी साइज बघा. ५० ते १०० जीबीचे गेम आता नवलाचे नाहीत, आणि १००० च्या प्लॅनमध्ये ते दीड ते तीन दिवसांचं रेशन आहे.

लाईट गेल्यावरचा हॉटस्पॉट

हा खास आपला प्रश्न. लाईट गेली, राउटर बंद, मग कोणीतरी फोनचा हॉटस्पॉट लावतो. लॅपटॉपला वाटतं वायफाय आलं, तो थांबलेले अपडेट उतरवायला लागतो आणि फोनचे दिवसाचे दीड जीबी चहा होईपर्यंत संपतात. अँड्रॉइड फोनला दुसऱ्या अँड्रॉइडचा हॉटस्पॉट बहुधा आपोआप ओळखता येतो आणि तो जपून वापरतो. विंडोजच्या बाबतीत मात्र त्या हॉटस्पॉटच्या नावाला एकदा हाताने 'मीटर्ड' करून ठेवावं लागतं. लाईट असताना, आजच करून ठेवा. आयफोनवाल्यांनी त्या नावालाही 'लो डेटा मोड' लावावा.

पाहुणे यायच्या आधीचा आठवडा

शिमगा, मे महिना आणि गणपती, हे तीन काळ आधीच माहीत असतात. घरी दोन खोल्या होमस्टेला देत असाल तर डिसेंबरही. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' वेगळं काढा आणि त्याला एकूण वेग बांधून द्या. सगळ्या पाहुण्यांना मिळून ४ एमबीपीएस दिले तर ते चोवीस तास खेचत बसले तरी दिवसाला ४३ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाहीत, आणि प्रत्यक्षात त्याच्या पावभरही होत नाहीत. हा पासवर्ड सण संपला की बदलायचा. घरातलं कोणी ऑफिसचं काम गावाहून करणार असेल तर त्याला मुख्य वायफायवर ठेवा, त्याच्या पोटावर पाय नको.

आणि तारखांचा मेळ घाला. सण तुमच्या डेटाच्या महिन्याच्या शेवटी येत असेल तर त्याआधीचे दिवस रेशन कमी धरा. १००० जीबीत पहिल्या वीस दिवसांना रोज २५ प्रमाणे ५०० दिले, तर उरलेल्या दहांना रोज ५० मिळतात. कालनिर्णयवर मी आता एक तारीखच गोल करतो, ज्या दिवशी आकडा निम्म्याच्या आत असायला हवा.

आकडे जुळले नाहीत तर

तुमचं मोजमाप आणि कंपनीचं कधीच तंतोतंत जुळणार नाही. एक कारण साधं आहे: विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, कंपन्या बहुधा १००० च्या. कंपनीचा एक टीबी विंडोजच्या हिशोबात ९३१ जीबी भरतो. त्याशिवाय डेटाच्या प्रत्येक पुडक्यावर पत्त्याचं वजन असतं, तेही मोजलं जातं, पण ॲपच्या तक्त्यात दिसत नाही. दहा टक्क्यांच्या आतला फरक मी सोडून देतो.

त्याहून जास्त असेल तर आधी खात्री करा की सगळी यंत्रं तुमच्याच राउटरमागे आहेत. मग एका दिवसाची चाचणी घ्या: सकाळी कंपनीच्या ॲपचा स्क्रीनशॉट, राउटरच्या मीटरचा स्क्रीनशॉट, दिवसभर राउटर यूपीएसवर, संध्याकाळी पुन्हा दोन्ही. असे तीन दिवसांचे स्क्रीनशॉट जोडून ॲपमधून लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक ठेवा. मला एकदा एकाच दिवशी ६० जीबीचा फरक दिसला होता. फोनवर 'सर, तुम्हीच वापरलंय' असं तीनदा ऐकून झालं, स्क्रीनशॉट पाठवल्यावर चौथ्या दिवशी आकडा दुरुस्त होऊन आला. कारण कोणी सांगितलं नाही.

या महिन्याच्या पानावर काल रात्रीचा आकडा २१४ आहे, चौदाव्या दिवशी. कॅमेरा अजून गडग्याकडेच बघतोय. फळ धरायला लागलं की त्याची मान पुन्हा कलमांकडे वळवायची आहे, झोन नव्याने आखून.